फाईलच्या अगदी वरच्या ओळी

कोणाचाही पायथनचा कोड समोर आला की मी आधी वरच्या इम्पोर्टच्या ओळी वाचते, म्हणजे दुसऱ्या फाईलींमधला (त्यांना मॉड्यूल म्हणतात) तयार कोड आपल्या फाईलमध्ये आणणाऱ्या ओळी. नीट वाचते, नुसती नजर फिरवून खाली पळत नाही. बऱ्याच जणांना त्या ओळी म्हणजे सोपस्कार वाटतो, एडिटर आपोआप टाकतो, नसल्या तर एरर येतो, मग टाकायच्या आणि विसरून जायचं. मला मात्र असं वाटतं की अख्ख्या फाईलमध्ये पुढच्या माणसाचा विचार करायची पहिली संधी तिथेच मिळते. पुढचा माणूस म्हणजे कोण, तर टीममध्ये नवीन आलेली मुलगी, आपण दुसऱ्या प्रोजेक्टवर गेल्यावर आपलं काम सांभाळणारा कोणीतरी, किंवा वर्षभराने तीच फाईल परत उघडणारे आपण स्वतः. त्याला फाईलच्या मधल्याच कुठल्यातरी ओळीत एक नाव दिसतं आणि प्रश्न पडतो, हे आलं कुठून? इम्पोर्ट लिहायच्या सगळ्या पद्धतींमधला फरक शेवटी या एका प्रश्नाला किती पटकन उत्तर मिळतं यावर येऊन थांबतो, असं माझं आता पक्कं मत झालंय.

विषय निघाला माझ्या भाचीमुळे. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कर्वेनगरला मैत्रिणींबरोबर राहते, आणि रविवारी आमच्याकडे कोथरूडला जेवायला आली की लॅपटॉप घेऊनच येते. तिने विचारलं, "मावशी, एकच गोष्ट आत आणायच्या इतक्या पद्धती कशाला ठेवल्यात गं? एकच ठेवायची ना." प्रश्न अगदी रास्त आहे. जेवणं झाली, भांडी आवरली, आणि मग आम्ही दोघी संध्याकाळपर्यंत त्यावरच बोलत बसलो. तेव्हा जे बोललो त्यातलं बरंच आणि तेव्हा राहून गेलेलं थोडं, असं हे लिहितेय.

तिच्याकडे अप्पा बळवंत चौकातून आणलेलं एक गाईड होतं, त्यात लिहिलेलं की ‘फ्रॉम मॅथ इम्पोर्ट एसक्यूआरटी’ (म्हणजे मॅथ मॉड्यूलमधून वर्गमूळ काढणारं एसक्यूआरटी आणा) असं लिहिलं की फक्त तेवढंच फंक्शन लोड होतं आणि मेमरी वाचते. हे मी इतक्या ठिकाणी ऐकलंय, इंटरव्ह्यूमध्ये सुद्धा मुलं अगदी आत्मविश्वासाने सांगतात, म्हणून आधी तेच बघू. असं होत नाही. तुम्ही ‘इम्पोर्ट’ लिहा नाहीतर ‘फ्रॉम’ लिहा, पायथन ते अख्खं मॉड्यूल आणतो. आधी एक रिकामं मॉड्यूल ऑब्जेक्ट करून ते ‘सिस डॉट मॉड्यूल्स’ नावाच्या डिक्शनरीत नोंदवून टाकतो, मग मॉड्यूल जर पायथनमध्ये लिहिलेली फाईल असेल तर ती फाईल पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत चालवतो, आणि त्यातून जी नावं तयार होतात ती त्या ऑब्जेक्टमध्ये ठेवतो. पुढे त्याच प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या कोणत्याही फाईलने तेच मॉड्यूल मागितलं की पायथन आधी त्या डिक्शनरीत बघतो, तिथे सापडलं की परत काही चालवत नाही, आहे तेच देतो. म्हणजे एकच मॉड्यूल दहा फाईलींनी इम्पोर्ट केलं तरी ते चालतं एकदाच. आणि पद्धती-पद्धतींमध्ये फरक असतो तो फक्त शेवटच्या पायरीत, की तुमच्या फाईलमध्ये कुठलं नाव लिहिलं जातं. ‘इम्पोर्ट मॅथ’ने ‘मॅथ’ हे नाव येतं, ‘फ्रॉम’ने ‘एसक्यूआरटी’ हे नाव येतं. बास, एवढंच.

"मग अख्खी फाईल चालते म्हणजे आत प्रिंट असेल तर तेही होणार?" असं तिने विचारलं आणि मला फार बरं वाटलं, कारण इथपर्यंत पोचलं की पुढचं अर्धं आपोआप सुटतं. हो, होणार. डेटाबेसचं कनेक्शन फाईलमध्ये फंक्शनच्या बाहेर उघडं लिहिलेलं असेल तर नुसत्या इम्पोर्टने ते कनेक्शन उघडलं जाणार, आणि मग टेस्ट चालवायला घेतल्या की टेस्ट सुरू व्हायच्या आधीच सगळं अडकून बसणार, कारण टेस्टचं टूल फक्त टेस्ट कुठे आहेत ते शोधायला म्हणून फाईली इम्पोर्ट करत असतं. ‘इफ डंडर नेम इज इक्वल टू डंडर मेन’ (डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर) ही ओळ कॉलेजात सगळ्यांकडून पाठ करून घेतात, ती याचसाठी असते. फाईल थेट चालवली तर तिचं नाव ‘मेन’ असतं, इम्पोर्ट केली तर तिचं स्वतःचं, त्यावरून फाईलला कळतं की आपल्याला कशासाठी बोलावलंय.

आता मॉड्यूल शोधतो कुठे, तर ‘सिस डॉट पाथ’ नावाच्या यादीत जे फोल्डर आहेत तिथे क्रमाने. स्क्रिप्ट चालवली तर त्या यादीत पहिला नंबर स्क्रिप्टच्या स्वतःच्या फोल्डरचा, स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे पायथनबरोबरच येणारी मॉड्यूल्स, त्यानंतर, आणि पिप या टूलने टाकलेली बाहेरची पॅकेजेस, म्हणजे मॉड्यूल्सचे गठ्ठे, त्याच्याही मागे. म्हणूनच मुलं रँडम नंबरचं प्रॅक्टिकल करताना स्वतःच्या फाईलला ‘रँडम डॉट पीवाय’ असं नाव देतात आणि मग पायथनचं रँडम न सापडता स्वतःचीच फाईल परत इम्पोर्ट होते, आणि एरर येतो की रँडममध्ये ‘रँडइंट’ नावाचं काही नाहीच. ३.१३ पासून पायथन अशा वेळी एररमध्येच सांगतो की तुमच्या फाईलचं नाव स्टँडर्ड लायब्ररीतल्या मॉड्यूलसारखं आहे, ते बदला. किती मुलांच्या किती दुपारी वाचल्या असतील यामुळे. ज्याने कोणी तो मेसेज लिहिला त्याचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

बरं, तर पद्धती. साधी सरळ पहिली, ‘इम्पोर्ट मॅथ’, आणि मग वापरताना दर वेळी ‘मॅथ डॉट एसक्यूआरटी’. टायपिंग जास्त, पण वाचणाऱ्याला काही शोधावं लागत नाही, नावाच्या पुढेच त्याचं घर लिहिलेलं असतं. पुण्यात वाढलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला लागूच नये, कारण इथे नुसतं "मारुतीपाशी सोडा" असं रिक्षावाल्याला कोणी सांगत नाही. कुठला मारुती? सोन्या मारुती, डुल्या मारुती, जिलब्या मारुती, पत्र्या मारुती, भिकारदास मारुती, प्रत्येकाची गल्ली वेगळी आणि पुढचा शब्द बोलल्याशिवाय माणूस पोचणारच नाही. सोन्या मारुतीच्या अगदी शेजारच्या वाड्यात राहणारी आजी मात्र नातवाला म्हणेल "मारुतीला नमस्कार करून ये", आणि तिचं काही चुकत नाही, कारण तिच्या गल्लीत मारुती एकच आहे. ‘फ्रॉम’वालं इम्पोर्ट म्हणजे हे आजीचं बोलणं. गल्ली लहान आहे, ऐकणारा तिथलाच आहे, तोपर्यंत एकदम छान. गल्ली मोठी झाली आणि ऐकणारा बाहेरून आलेला असला की पूर्ण नाव घ्यावं.

नावं अशी आपापल्या घरात ठेवण्याला नेमस्पेस म्हणतात आणि ही गोष्ट पायथनच्या अगदी मुळात आहे. ग्विडो व्हान रॉसम यांनी १९८९ च्या ख्रिसमसच्या सुट्टीत ॲमस्टरडॅममध्ये ही भाषा लिहायला घेतली, पहिली आवृत्ती फेब्रुवारी १९९१ मध्ये बाहेर आली, आणि मॉड्यूलची व्यवस्था तिच्यात तेव्हापासून आहे. ती त्यांनी मोड्युला-३ या भाषेवरून घेतलेली. आजही पायथनच्या प्रॉम्प्टवर ‘इम्पोर्ट धिस’ टाईप केलं तर टिम पीटर्स यांनी लिहिलेलं ‘झेन ऑफ पायथन’ छापून येतं, आणि त्याची शेवटची ओळ नेमस्पेस किती भारी कल्पना आहे हेच सांगते. (त्या ‘धिस’ मॉड्यूलची फाईल उघडून बघा, आत मजकूर सरळ लिहिलेला नाहीये, प्रत्येक अक्षर १३ घरं पुढे सरकवून लिहिलाय. आणि तो छापला का जातो, तर मगाशी म्हटलं तसं, इम्पोर्ट केलं की फाईल चालते.) मी भाचीला तेच करून दाखवलं, आणि लगेच परत ‘इम्पोर्ट धिस’ टाकायला सांगितलं. दुसऱ्यांदा काहीच छापलं नाही. सिस डॉट मॉड्यूल्स काय करतं हे समजवायला यापेक्षा चांगला प्रयोग मला माहीत नाही.

‘फ्रॉम’ला मी नावं ठेवतेय असं नाही हां. ‘फ्रॉम पाथलिब इम्पोर्ट पाथ’, ‘फ्रॉम डेटाक्लासेस इम्पोर्ट डेटाक्लास’ हे मी रोज लिहिते, कारण ती नावं स्वतःच पुरेशी बोलकी आहेत आणि वाचणाऱ्याला ओळखीची आहेत. पण ‘लोड’, ‘रन’, ‘ओपन’, ‘गेट’ असली नावं फ्रॉमने आणू नयेत. ‘जेसन डॉट लोड’ (साध्या मजकुरात साठवलेला डेटा वाचणारं) आणि ‘पिकल डॉट लोड’ (पायथनच्या स्वतःच्या रूपात साठवलेल्या वस्तू परत उभ्या करणारं) ही दोन अगदी वेगळी कामं आहेत. बाहेरून आलेली अनोळखी जेसन फाईल लोड करणं ठीक आहे, पण अनोळखी पिकल फाईल लोड करणं धोक्याचं असतं, कारण पिकल उघडताना त्यात लपवलेला कोड चालू शकतो. आणि दोनशे ओळी खाली नुसतं ‘लोड’ लिहिलेलं असेल तर रिव्ह्यू करणाऱ्याला कसं कळणार की यातलं कुठलं? पाच अक्षरं वाचवायला असा धोका का घ्यायचा.

फ्रॉमची अजून एक गोष्ट आहे जी लवकर कोणी सांगत नाही. समजा ‘सेटिंग्ज’ नावाची फाईल आहे, तिच्यात ‘डीबग’ नावाची किंमत, म्हणजे व्हॅल्यू, आहे, आणि तुम्ही ‘फ्रॉम सेटिंग्ज इम्पोर्ट डीबग’ लिहिलं. त्या क्षणी जी किंमत होती ती तुमच्या फाईलमधल्या ‘डीबग’ या नावाला चिकटली. नंतर प्रोग्रॅम चालू असताना कोणी ‘सेटिंग्ज डॉट डीबग’ बदललं तर तुमच्या नावाला त्याचा पत्ताही लागत नाही, ते जुन्याच किमतीकडे बघत बसतं. ‘इम्पोर्ट सेटिंग्ज’ करून दर वेळी ‘सेटिंग्ज डॉट डीबग’ असं विचारलं असतं तर ताजी किंमत मिळाली असती. टेस्टमध्ये एखादं फंक्शन मॉक करायला, म्हणजे खऱ्याच्या जागी खोटं बसवायला, जावं आणि मॉक लागूच होऊ नये, खरं फंक्शनच चालत राहावं, हा जो प्रकार सगळ्यांच्या वाट्याला येतो त्याचं मूळ हेच. तुम्ही मूळ मॉड्यूलमधलं नाव बदलता, पण ज्या फाईलची टेस्ट चाललीय तिने फ्रॉमने स्वतःचं वेगळं नाव आधीच करून ठेवलेलं असतं. मॉक कुठे करायचं, तर जिथे ते नाव वापरलं जातं तिथे. हे वाक्य डॉक्युमेंटेशनमध्ये आहे, लोक पाठही करतात, पण इम्पोर्टची शेवटची पायरी कळली की पाठ करायची गरजच राहत नाही.

आता स्टार. ‘फ्रॉम मॅथ इम्पोर्ट स्टार’, म्हणजे जेवढं आहे तेवढं सगळं इकडे ओता. भाचीच्या फाईलमध्ये वर चार ओळी होत्या आणि चारही स्टारच्या, कारण क्लासमध्ये तसंच शिकवलेलं. मला याबद्दल फार पोटतिडकीने बोलावंसं वाटतं, कारण शिकणाऱ्या मुलांच्या हातात ही पद्धत सगळ्यात आधी पडते आणि सगळ्यात जास्त त्रास त्यांनाच होतो.

मी तिला मॅथ आणि सीमॅथचं उदाहरण दिलं. दोन्ही स्टँडर्ड लायब्ररीतलीच मॉड्यूल, दोन्हींत ‘एसक्यूआरटी’ आहे. मॅथमधलं साध्या आकड्यांचं वर्गमूळ काढतं आणि वजा एक दिलं तर वॅल्यूएरर देतं. सीमॅथमधलं कॉम्प्लेक्स आकड्यांचं आहे, वजा एक दिलं तर शांतपणे ‘एक जे’ असं उत्तर देतं, आणि चार दिलं तरी दोन नाही देत, ‘दोन अधिक शून्य जे’ असा कॉम्प्लेक्स आकडा देतं. आता दोन्हींवर स्टार लावा. जी ओळ खाली असेल तिचं एसक्यूआरटी जिंकणार, वरचं पुसलं जाणार, आणि पायथन एक शब्द बोलणार नाही. सीमॅथ खाली असेल तर कुठेतरी लांब ‘हे वर्गमूळ तीनपेक्षा मोठं आहे का’ अशी साधी तुलना टाईपएरर देऊन पडणार, कारण कॉम्प्लेक्स आकड्यांत लहान-मोठं नसतं. कोणी सहज म्हणून इम्पोर्टच्या ओळी ए-बी-सी-डीच्या क्रमाने लावल्या, आणि प्रोग्रॅमचं उत्तर बदललं! ओळींचा क्रम बदलल्याने गणित बदलावं, हे मला कुठल्याच परिस्थितीत मान्य नाही.

हे कमी वाटत असेल तर नम्पाय या आकडेमोडीच्या लायब्ररीचं बघा. पायथनचं स्वतःचं ‘सम’ फंक्शन आहे, त्याला रेंज पाच दिली आणि दुसरा आकडा वजा एक दिला, तर ते शून्य ते चार यांची बेरीज वजा एकपासून सुरू करतं आणि ९ देतं. आता वर ‘फ्रॉम नम्पाय इम्पोर्ट स्टार’ लिहा आणि तीच ओळ परत चालवा, उत्तर येतं १०. कारण आता ‘सम’ म्हणजे नम्पायचं सम, आणि त्याच्या दृष्टीने दुसरा आकडा म्हणजे सुरुवातीची किंमत नाही, ॲक्सिस आहे, म्हणजे बेरीज कुठल्या दिशेने करायची ते. एरर नाही, वॉर्निंग नाही, नुसतं वेगळं उत्तर. ‘फ्रॉम ओएस इम्पोर्ट स्टार’ केलं की फाईल उघडायचं नेहमीचं ‘ओपन’ जातं आणि त्याच्या जागी ऑपरेटिंग सिस्टीमचं खालच्या पातळीवरचं ओपन येऊन बसतं, ज्याला मोड म्हणून ‘आर’ अक्षर चालत नाही, आकडा लागतो. इथे निदान एरर तरी येतो. समच्या बाबतीत तोही नाही, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

स्टारला जागाच नाही असं मी म्हणणार नाही. प्रॉम्प्टवर बसून पाच मिनिटं काहीतरी करून बघायचंय, खुशाल वापरा. पॅकेजच्या ‘इनिट’ फाईलमध्ये आतल्या फाईलींमधली नावं बाहेर मांडायला वापरतात, पण तिथे शहाणी माणसं ‘डंडर ऑल’ची यादी देतात, म्हणजे स्टार लावला तर नक्की काय-काय बाहेर जाणार हे मॉड्यूल लिहिणाऱ्याने स्वतः ठरवलेलं असतं. ती यादी नसेल तर अंडरस्कोरने सुरू होणारी नावं सोडून बाकी सगळी जातात. आणि फंक्शनच्या आत स्टार लिहायला तर पायथन ३ देतच नाही, सिंटॅक्सएरर येतो. भाषा बनवणाऱ्यांनाही त्याचा धोका माहीत आहे, यापेक्षा वेगळं काय सांगायचं.

‘ॲज’बद्दल मात्र मला नुसतं प्रेम आहे. ‘इम्पोर्ट नम्पाय ॲज एनपी’, ‘इम्पोर्ट पँडाज ॲज पीडी’. हे ‘ॲज’ पायथनमध्ये पहिल्यापासून नव्हतं, २००० मध्ये आवृत्ती २.० बरोबर आलं. पूर्ण नाव घ्यायचा कंटाळा आणि नुसतं नाव घेण्याचा धोका, या दोन्हींच्या मधली ही वाट आहे, नावाच्या पुढे घर राहतंच, फक्त घराची पाटी छोटी होते. आणि याचं सगळ्यात सुंदर रूप म्हणजे या पाट्या आता सगळ्यांच्या झाल्यात. पाषाणला आयआयटीएममध्ये पावसाच्या डेटावर काम करणारा माणूस ‘एक्सअरे’ला ‘एक्सआर’ म्हणतो, विद्यापीठाच्या आवारात आयुकामध्ये कोणी आकाशगंगांचा अभ्यास करत असेल तर ती ‘फ्रॉम ॲस्ट्रोपाय इम्पोर्ट युनिट्स ॲज यू’ लिहीत असेल, खराडीच्या एखाद्या कंपनीत विक्रीचे आकडे बघणारी मुलगी पँडाजला ‘पीडी’ म्हणते, आणि ‘एनपी’ म्हटलं की हे सगळे न विचारता नम्पाय समजतात. हा करार कोणी सक्तीने लादलेला नाही. लायब्ररी लिहिणाऱ्यांनी आपल्या डॉक्युमेंटेशनमध्ये तसं लिहिलं, लोकांनी तसं वापरलं, आणि आज कुठल्याही देशातली नोटबुक फाईल उघडली तरी पहिल्या तीन ओळींत ओळखीचे चेहरे दिसतात. म्हणून कोणी नम्पायला ‘एन’ किंवा ‘नम’ असं स्वतःचं लाडकं नाव ठेवलं की मला खटकतं. मशीनला काही फरक पडत नाही, पण वाचणाऱ्याला प्रत्येक ओळीत मनातल्या मनात भाषांतर करत बसावं लागतं.

ओळींच्या क्रमाबद्दल फार लिहीत नाही. पेप म्हणजे पायथनबद्दलचे अधिकृत प्रस्ताव, त्यातल्या पेप ८ मध्ये, जो २००१ चा आहे, सांगितलंय की आधी स्टँडर्ड लायब्ररी, मग बाहेरची पॅकेजेस, मग स्वतःच्या प्रोजेक्टमधलं, आणि मध्ये एकेक रिकामी ओळ. हे आयसॉर्ट किंवा रफ नावाचं टूल करून देतं, त्यावर रिव्ह्यूमध्ये वाद घालू नये. या तीन गटांमुळे बाहेरचं काय-काय लागतं हे एका नजरेत दिसतं, आणि नवीन मशीनवर प्रोजेक्ट उभा करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

टिंबांवाल्या इम्पोर्टने भाची फार वैतागली होती. ‘फ्रॉम डॉट इम्पोर्ट मॉडेल्स’, म्हणजे याच पॅकेजमधलं मॉडेल्स, दोन टिंबं म्हणजे एक पॅकेज वर. पायथन २ मध्ये टिंब न लावताही पायथन आधी शेजारच्या फाईली बघायचा, त्यामुळे आपल्याला शेजारची फाईल मिळतेय की स्टँडर्ड लायब्ररी हे ओळीवरून सांगताच यायचं नाही. पेप ३२८ ने हा गोंधळ मिटवला, आणि पायथन ३ मध्ये टिंब असेल तर शेजारचं, नसेल तर सिस डॉट पाथवरून, असं स्वच्छ झालं. तिची अडचण वेगळी होती, ती पॅकेजच्या आतली फाईल थेट चालवत होती, आणि मग पायथन म्हणतो की मला तुझं पॅरेंट पॅकेजच माहीत नाही. बरोबरच आहे, थेट चालवलेल्या फाईलचं नाव ‘मेन’, मग तिचं पॅकेज कुठलं आणि टिंबाचा अर्थ काय लावायचा? बाहेरच्या फोल्डरमधून ‘पायथन मायनस एम’ करून पूर्ण नावाने चालवलं की चालतं. चाललं. मी स्वतः कंपनीच्या मोठ्या ॲप्लिकेशनमध्ये पूर्ण नावच पसंत करते, कारण फाईल इकडची तिकडे हलवली तरी तिच्यातली इम्पोर्ट बरोबरच राहतात आणि शोधताना एकाच सर्चमध्ये सगळं सापडतं. छोट्या लायब्ररीत टिंबं छान दिसतात.

सर्क्युलर इम्पोर्टचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे लोक पद्धत बदलून मोकळे होतात आणि खरं दुखणं तसंच राहतं. ऑर्डर्सच्या फाईलने बिलांच्या फाईलमधून काहीतरी फ्रॉमने मागितलं, आणि बिलांच्या फाईलने ऑर्डर्समधून. ऑर्डर्स चालायला लागली, पहिल्याच ओळीत बिलांकडे गेली, बिलं चालायला लागली आणि परत ऑर्डर्सकडे आली. सिस डॉट मॉड्यूल्समध्ये ऑर्डर्सची नोंद आहे, पण ती अर्धवट आहे, तिच्यात हवं ते नाव अजून तयारच झालेलं नाही. इम्पोर्टएरर. ३.८ पासून मेसेजमध्ये स्पष्ट येतं की मॉड्यूल अर्धवट तयार आहे आणि बहुतेक हे सर्क्युलर इम्पोर्टमुळे झालंय. फ्रॉम काढून नुसतं ‘इम्पोर्ट ऑर्डर्स’ केलं की बऱ्याचदा चालतं, कारण आतलं नाव लगेच लागत नाही, फंक्शन चालेल तेव्हा लागतं आणि तोपर्यंत सगळं तयार झालेलं असतं. पण मी टीममध्ये दर वेळी आग्रह धरते की थांबा, दोन फाईली एकमेकींना धरून उभ्या आहेत, म्हणजे दोघींना लागणारं काहीतरी तिसरं आहे ज्याला अजून स्वतःची फाईल मिळालेली नाही. ते शोधा, त्याला वेगळं काढा. नुसत्या टाईप हिंटसाठी (कुठल्या नावात कुठल्या प्रकारची किंमत येणार याची नोंद) ओढाताण होत असेल तर ‘टायपिंग’मधलं ‘टाईप चेकिंग’ वापरून ती इम्पोर्ट फक्त टाईप तपासणाऱ्या टूलपुरती ठेवता येते, तेवढं चालेल. बाकी वेळी मात्र डिझाईनकडेच बघायचं.

‘इम्पोर्टलिब’ची गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण ती कळली तेव्हा मला खूप आनंद झालेला. नाव आधी माहीत नसतं, प्रोग्रॅम चालू असताना कॉन्फिगमधून येतं, अशा वेळी ‘इम्पोर्टलिब डॉट इम्पोर्ट मॉड्यूल’ला नाव स्ट्रिंग म्हणून देता येतं, प्लगइनसाठी हेच लागतं (युझरने टाईप केलेलं काहीही त्यात सरळ देऊ नका, परवानगी असलेल्या नावांची यादी ठेवा, कारण इम्पोर्ट करणं म्हणजे कोड चालवणं). पण खरी मजा पुढे आहे. २०१२ मध्ये आलेल्या ३.३ पासून पायथनची इम्पोर्टची यंत्रणाच या इम्पोर्टलिबवर चालते, आणि ती पायथनमध्ये लिहिलेली आहे. ब्रेट कॅनन यांनी हे मोठं काम केलं. आधी हे सगळं सी भाषेत होतं, आमच्यासारख्यांना उघडून बघायचं धाडस व्हायचं नाही. आता दुसऱ्या वर्षाची मुलगी सुद्धा ती फाईल उघडून वाचू शकते की शोधणारा फाईंडर कोण, आणणारा लोडर कोण, कुठल्या ओळीवर मॉड्यूल डिक्शनरीत नोंदवलं जातं. आम्ही दोघींनी वाचली थोडी. सगळी नाही कळली तिला, पण "हे पण नुसतं पायथनच आहे की" असं ती म्हणाली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा झालेला.

राहिला वेळेचा मुद्दा. मोठी पॅकेजेस इम्पोर्ट व्हायला वेळ घेतात, आणि एखाद्या छोट्या कमांडची नुसती मदत छापायची असेल तरी वर लिहिलेलं सगळं आधी लोड होतं. कशाला किती वेळ लागतो हे बघायला ३.७ पासून ‘पायथन मायनस एक्स इम्पोर्टटाईम’ आहे, ते एकदा चालवून बघाच, कुठलं पॅकेज कोणाच्या मागे लपून आत येतंय हे सगळं झाडासारखं उलगडून दिसतं. उपाय म्हणून लोक जड इम्पोर्ट फंक्शनच्या आत लिहितात. ते योग्यही असतं, पण मग वरच्या ओळी वाचून फाईलला काय लागतं ते कळत नाही, आणि मला ते मनापासून आवडत नाही.

म्हणून पेप ८१० कडे मी फार आशेने बघतेय. आधी पेप ६९० मध्ये सगळीच इम्पोर्ट एका स्विचने आळशी, म्हणजे गरज पडेल तेव्हाच लोड होणारी, करायचा प्रस्ताव होता, तो २०२२ मध्ये नाकारला गेला. नवा प्रस्ताव २०२५ मध्ये ३.१५ साठी मंजूर झाला, आणि त्यात हे ओळीओळीला ठरवता येतं. इम्पोर्टच्या आधी ‘लेझी’ लिहायचं. नाव फाईलमध्ये लगेच येतं, पण मॉड्यूल खरं लोड होतं ते नाव पहिल्यांदा वापरलं जातं तेव्हा. फंक्शनच्या आत ते चालत नाही, स्टारबरोबर चालत नाही, म्हणजे ओळ वरच राहणार, सगळ्यांना दिसणार, आणि नाव कुठून आलं हेही तिथेच वाचता येणार. एक किंमत आहे, पॅकेज मशीनवर नसेल तर ते प्रोग्रॅम सुरू होताना कळणार नाही, वापराच्या क्षणी कळेल, म्हणून पगाराच्या किंवा पेमेंटच्या कामांमध्ये मी ते सरसकट लावणार नाही. आमच्या टीममध्ये रिपोर्ट काढायची एक कमांड आहे, तिची मदत छापायला सुद्धा पँडाज लोड होईपर्यंत थांबावं लागतं, आणि सपोर्टची मंडळी ती दिवसभर चालवत असतात. ३.१५ वर गेलो की त्या फाईलमध्ये पँडाज आणि प्लॉटिंगच्या ओळींपुढे लेझी लावायचं, बाकीच्या आहेत तशाच ठेवायच्या, आणि आधीचा आणि नंतरचा इम्पोर्टटाईम शेजारी-शेजारी ठेवून टीमला दाखवायचा असं मी ठरवून ठेवलंय.